जागा बदलून द्या

कंधारच्या एका कॉलेजात ते तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचे. एम.ए.ला त्रेपन्न टक्के पडलेले आणि कायम नोकरीला पंचावन्न लागतात, म्हणून श्रेणी सुधारण्यासाठी जुने पेपर पुन्हा द्यायला ते नांदेडला आमच्या केंद्रावर यायचे. पर्यवेक्षक म्हणून माझी त्यांची ओळख झाली. वयानं माझ्याएवढेच, पण "येऊ का सर?" विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. पुरवणी मागायलाही उभे राहायचे, आणि काहीही सांगितलं तरी "हाव सर."

यंदा प्रश्नपत्रिका वाटण्याआधीच ते उठले.

"सर, मला जागा बदलून द्या. मागं बसलेली पोरगी माझी विद्यार्थिनी हाय. बी.ए.ला मीच शिकवलंय तिला."

सगळा वर्ग वळून बघू लागला. पोरीनं मान खाली घातली. मी त्यांना खिडकीजवळचा बाक दिला, पण मला ते आवडलं नाही.

निकालात त्यांचे पंचावन्न टक्के भरले. पोरगी त्याच पेपरात नापास झाली.

गुणपत्रक न्यायला आले तेव्हा मी विचारलंच, "चारचौघांत तिला कशाला खाली बघायला लावलं? तिनं डोकावलं असतं तर मी होतोच की."

त्यांनी गुणपत्रकाची नीट घडी घातली.

"लई कष्टानं शिकून राहिली सर ती," ते म्हणाले. "तिनं डोकावलं असतं, अन् मी पेपर सरकवला असता."