सर्व्हरचा खुंट

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार म्हातारे रोज संध्याकाळी एका ओसरीत बसले की ते आपोआप साचतात. आमच्या सौंसरच्या ओसरीत तर यंदा एक सर्व्हरही होता.

मी मातीचा डॉक्टरेटवाला प्राध्यापक, आता निवृत्त. आयुष्यभर आसपासच्या वावरांची माती तपासली. ते सगळे अहवाल एका जुन्या प्रोग्राममध्ये आहेत. तो फक्त माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडायचा, आणि तो कॉम्प्युटर तिसऱ्या-चौथ्या हाकेला उठायचा. तो गेला की अहवाल गेले. मुलाने चार डिस्कचा स्टोरेज सर्व्हर पाठवला आणि सांगितलं, "बाबा, यात व्हर्च्युअल मशीन करा. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर. जुना प्रोग्राम त्यात चालेल."

रस्ते तीन होते. स्टोरेजच्या सिस्टीममध्येच मशीन चालवायचं. किंवा तळाशी मशीनं चालवणारी सिस्टीम टाकून स्टोरेजलाच तिच्यात पाहुणा करायचं. किंवा मशीनसाठी वेगळा छोटा कॉम्प्युटर घ्यायचा. मी तिन्हींचे गुणदोष लिहायला बसलो. सतरा पानं झाली, निर्णय झाला नाही.

०००

बबनराव तिगाव स्टेशनवर सिग्नलच्या कामात होते. त्यांनी ती सतरा पानं हातात तोलून पाहिली, वाचली नाहीत.

"सर, सिग्नल कवाचा हिरवा हाय. गाडी काहून उभी करून राहिले?"

"आणि चुकलं तर?"

"आन् जुना कॉम्प्युटर उद्या उठलाच नाही तं?"

मी अठरावं पान लिहिलं नाही.

०००

सुनंदाताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या आग्रहाने मी पहिल्या रस्त्याने एक मशीन करून पाहिलं. प्रोग्राम अडखळू नये म्हणून सर्व्हरची जवळजवळ सगळी मेमरी त्यालाच दिली. सर्व्हर जागच्या जागी गोठला.

ताई म्हणाल्या, "पाहुण्याला अख्खं घर देऊन टाकलं सर, आता घरचे कुठं बसतील?"

मेमरी चौथाईवर आणली. दोघं नांदू लागले. माझ्या डॉक्टरेटला हे सुचलं नव्हतं.

०००

त्या शनिवारी ताई जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाऊन आल्या. नारळ आणला होता, म्हणाल्या, सर्व्हरपुढे फोडते. पाणी उडेल या भीतीने मी सर्व्हरवर टॉवेल टाकला, त्यावर प्लास्टिक, आणि वर छत्री धरून उभा राहिलो.

"हनुमानजी तं पाहूनच घेतील," बबनराव म्हणाले, "पण सरले पाहून सर्व्हर घाबरून राहिला."

नारळ शेवटी पायरीवर फुटला.

०००

मशीन चाललं, तरी माझी धाकधूक जाईना. हाच रस्ता बरोबर कशावरून? शेवटी गजाननभाऊंना विचारलं. ते संत्र्याचे बागायतदार. दर हंगामात न सांगता एक टोपली आणून ठेवतात. त्यांनी तिन्ही रस्ते शांतपणे ऐकले.

"यात तुमचा माल कायच्यात हाय?"

"डिस्कमध्ये."

"मंग डिस्क हा खुंट, कलमाखालचं मुळावालं रोप. खुंट सीध्धा जमिनीत पाहिजे, मधात कोणी नको. मशीन हे कलम, ते वर बांधा. कलम वाळलं तं दुसरं बांधता येते. आमच्या बाबानं खुंट निवडाले चार दिवस घातले होते. बाग आजही उभी हाय."

मी सतरा पानं रद्दीत टाकली. पहिलाच रस्ता कायम केला आणि सगळे अहवाल सर्व्हरवर आणले. आठवड्याभरात जुना कॉम्प्युटर खरोखरच उठला नाही. या तिघांनी ढकललं नसतं तर मी आजही पानंच लिहीत असतो.

०००

मग एका संध्याकाळी सगळ्यांना बोलावून प्रोग्राम उघडून दाखवला. तोच निळा पडदा, तीच अक्षरं. पहिला अहवाल कोणाचा काढायचा? गजाननभाऊंचा मान. त्यांच्या वडिलांचं नाव टाकलं. त्याच बागेचा अहवाल आला, लागवडीच्या आधीचा. सुनंदाताईंनी शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात शेवटची ओळ वाचली:

"जमीन चुनखडीची. येथे संत्रा लावू नये."

खाली माझं नाव, पदवीसकट.

टेबलावर त्याच बागेची टोपली होती. गजाननभाऊंनी त्यातलं एक संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"सर, याची आणखी एक कॉपी करून ठेवा."