सोप्या पातळीवरचा बादशहा

उचगावच्या शबनूरनं बापाशी एक लबाडी केली, आणि ती पकडली गेली ती बापानं जन्मभर केलेल्या कामामुळंच.

बादशहाभाईंनी शहरातल्या एका क्लबात पस्तीस वर्षं टेनिसचं कोर्ट राखलं. लाल मातीवर पाणी मारायचं, रूळ ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या. रेघ अशी, की खुशाल दोरी लावून बघा. खेळायचं मात्र मेंबरांनी. भाईंच्या हातात रॅकेट यायची ती तार तुटलेली, दुरुस्तीला न्यायला. दोन्ही गुडघे कामातनं गेले तेव्हा ते घरी बसले आणि बसल्याबसल्या घराला हैराण करू लागले. बायकोनं, खैरुनबीनं, डाळीला फोडणी दिली तरी यांचं मत तयारच.

शबनूर घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करते. अब्बांचा वेळ जावा म्हणून तिनं त्यात टेनिसचा गेम घालून दिला. खेळाडूला नाव द्यायचं होतं, भाईंनी स्वतःचंच दिलं. रोज दुपारी ती जेवायला उठली की भाई कीबोर्डपुढं बसायचे आणि हरायचे. पंधरा दिवस सलग हरले. सोळाव्या दिवशी ताट तसंच सोडून भिंतीकडं तोंड करून पडले, ते शबनूरला बघवेना. तिनं सेटिंग उघडलं आणि 'अवघड' होतं तिथं गुपचूप 'सोपं' केलं.

मग काय, भाई जिंकतच सुटले. केरबाच्या चहाच्या टपरीवर रोज स्कोअर जाहीर होऊ लागला. गुडघ्यांची तक्रार बंद झाली, दाढीला कात्री लागली. इकडं स्वयंपाकघरात शबनूरनं आईला खरं काय ते सांगितलं आणि दोघी तोंडाला ओढणी लावून डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसल्या. हसू ओसरल्यावर तिला कसंतरीच झालं. पण आता कबूल करायचं म्हणजे त्या माणसाच्या तोंडचा घास काढायचा. आज सांगू, उद्या सांगू करत महिना गेला.

गेल्या शुक्रवारी नमाजहून आल्यावर भाई खेळायला बसले आणि मध्येच थांबले. लेकीला जवळ बोलावून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यो गडी रेघंजवळ बॉल टाकतच न्हाय बघ. समदं मधोमध, माझ्या हातात. पैल्यांदा असा न्हवता की."



भाई मग क्लबातल्या एका बड्या साहेबांची गोष्ट सांगू लागले. साहेब रोज संध्याकाळी खेळायचे आणि रोज जिंकायचे. समोरचे मेंबर मुद्दाम चेंडू जाळीत घालायचे, कारण प्रत्येकाचं काही ना काही काम साहेबांकडं अडलेलं. साहेब घाम पुसत गाडीत बसले की सगळे हसायचे. शबनूरनं ही गोष्ट लहानपणी जेवताना पन्नासदा ऐकली होती आणि दर वेळी पोट धरून हसली होती. आज ती हसण्यासाठी सांगितलेली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"रूळ सोडून मीबी हसायचो," भाई म्हणाले. "तुमी दोघी हसलासा काय गं?"

रेघ तपासताना करायचे तसा एक डोळा बारीक करून ते तिच्याकडं बघत होते. खरं अगदी ओठावर आलं होतं.

"न्हाय अब्बा," ती म्हणाली.

भाईंचा चेहरा एकदम सैल झाला. मग काही हरकत नाही, म्हणाले, पहिल्यासारखं करून दे. तिनं करून दिलं. भाई सहा-शून्यनं हरले, उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपणहून टपरीवर स्कोअर सांगायला निघाले. हरूनही खुशीत होते, कारण घरात त्यांना कुणी हसलं नव्हतं. ती बाजीही शबनूरनंच त्यांना जिंकू दिली होती.