बाकावरचं पोहणं

पोहण्याच्या तलावात पाणी असावं, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. पण पावसाळे आले तसे हात हलवत गेले, वरच्या धरणाचा साठा दर वर्षी आणखी खाली सरकला आणि शेवटी नगरपालिकेने तलावाचा नळच तोडला. पोहण्याच्या मास्तरांची लेक तेव्हा रांगत होती. मास्तरांनी शिकवणी मात्र सोडली नाही. हट्टी माणूस! गच्चीवर बाक मांडले, पोरांना त्यावर पालथं घातलं आणि शिट्टी फुंकली. "मारा हात! पाय ताठ!" लोक 'कोरडे मास्तर' म्हणू लागले. म्हणेनात का!

श्वास शिकवायला एकच बादली. सगळ्यांनी आळीपाळीने तीत तोंड बुडवायचं. मास्तरीणबाई जिन्यात उभ्याच. "अहो, आटपा! त्याच पाण्याने मला फरशी पुसायचीय." एकदा एका चिमुरडीने त्यातलं घटाघट पिऊन टाकलं, तर बाईंनी आठवडाभर मास्तरांना ऐकवलं.

सगळ्यांत तरबेज त्यांची लेक. बाकावर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोठी झाली आणि तिला दूरच्या बंदरावर नोकरीचं बोलावणं आलं. अट एकच: तिथला तलाव पोहून दाखवायचा. आता मात्र मास्तरांचं धाबं दणाणलं. पोरगी उभ्या जन्मात गुडघाभर पाण्यात उतरली नव्हती! बुडाली तर? ती निघाली तेव्हा "जाऊ नकोस" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "कोपर वर ठेव."

परीक्षेच्या दिवशी ते फोनला चिकटून बसले. चहा निवून गेला. फोन वाजला तेव्हा उचलायला हात धजेना. बाईंनीच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, पास!"

"अगं, बुडाली नाहीस ना?"

"आधी बुडालेच की! नाकातोंडात पाणी. वेड्यासारखी हात मारत सुटले. काठावरचा माणूस टायर फेकणारच होता. मग दमले, नुसती पडून राहिले, तर वरच! बाबा, पाणी आपल्याला उचलून धरतं हो! मग काय, आरामात पार केला. एवढं सगळं शिकवलंत, हे कसं नाही सांगितलंत?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं.

"विसरलोच गं," ते म्हणाले. "खरंच, विसरूनच गेलो होतो."