चार कार्बनचा हात

प्रतिज्ञापत्रावर ‘महादू’च्या जागी ‘ममहादू’ छापलं होतं. सुमनअक्कांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःचे हात पदराखाली घेतले.

अक्का धुळ्यात कोर्टाबाहेर टेबल मांडून चाळीस वर्षं टायपिंग करत आल्या आहेत. बोटं आखडू लागल्यावर त्यांच्या मुलाने, प्रमोदने, माझ्याकडून खास कीबोर्ड बनवून घेतला. जुन्या टाइपरायटरसारखी उंच बटणं हवी होती. असले कीबोर्ड मी जळगावला पिंप्राळ्यातल्या वर्कशॉपमध्ये बनवतो. आतला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअरही माझंच. त्याचा मला भारी अभिमान.

“अक्का, बटणं जरा हळू मारा,” मी म्हणालो.

“भाऊ, मना हातच आते थकी गयात,” त्या म्हणाल्या.

प्रमोद लगेच म्हणाला, “मी तेच सांगतोय. सोमवारपासून टेबल बंद. लोकांची कागदपत्रं आहेत ही, खेळ नाही.”

बटण दाबलं की आतले धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटतात आणि क्षणभर थडथडतात. याला बाउन्स म्हणतात. ती थडथड फर्मवेअरने गाळायची असते, नाहीतर एका दाबाची दोन अक्षरं उमटतात. गाळण्यासाठी मी पाच मिलिसेकंद थांबत होतो. माझ्या बोटांना तेवढे पुरत होते. मी तिथेच लॅपटॉप उघडून पाचाचे पंचवीस केले.

झालं, आगीतून फुफाट्यात. दुहेरी अक्षरं थांबली, पण अक्षरं गळायला लागली. ‘महादू’चा ‘हादू’ झाला. अक्का कागदाकडे बघून नुसत्या हसल्या. ते हसणं मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी स्कोप घेऊन पुन्हा धुळ्याची बस पकडली. स्कोप म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेसारखा दाखवणारं यंत्र. त्याच्या वायरी एका बटणाला जोडल्या. मी दाबलं, तर थडथड चार मिलिसेकंद. अक्कांनी दाबलं, तर चौदा.

“एवढा जोर कशाला, अक्का?”

“चार कार्बन खाले उमटाले जोयजे, मंग जोर ते लावनाच पडस!”

टाइपरायटरवर एका वेळी चार कार्बनप्रती काढणारा हात होता तो. थकलेला कुठला! शिवाय वेग असा, की एक बटण सुटायच्या आत दुसरं दाबलेलं. इथे माझी दुसरी चूक सापडली. मेमरी वाचावी म्हणून मी थांबायची वेळ मोजणारं एकच घड्याळ सगळ्या बटणांना मिळून ठेवलं होतं. कुठलंही बटण हललं की वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेवढ्यात एखादं बटण सुटूनही जायचं आणि अक्षर गळायचं. अंगण वाकडं नव्हतं. नाचता मलाच येत नव्हतं.

मी प्रत्येक बटणाला त्याचं वेगळं घड्याळ दिलं. आता पद्धत ठरवायची होती. पहिली पद्धत म्हणजे दाब आला की अक्षर लगेच पाठवायचं आणि मगची थडथड सोडून द्यायची. ती चपळ, म्हणून आधी तीच लावली. पण शेजारचं झेरॉक्स मशीन सुरू झालं की वायरीत झटका यायचा, आणि कुणी हात न लावता अक्षर उमटायचं. मग दुसरी घेतली, सिग्नल वीस मिलिसेकंद शांत राहिला तरच अक्षर पाठवणारी. एवढा उशीर माणसाला कळतही नाही.

अक्कांनी पूर्ण पान टाइप केलं, नेहमीच्या जोरात. झेरॉक्स चालूच होतं. प्रमोदने पान दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

“आई, हात तुझे ठीक होते,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “चूक माझी होती, अक्का. मोजायच्या आधीच बोललो.”

अक्का प्रमोदला म्हणाल्या, “टेबल आठेच राही.” मग तिथेच, मान वर न करता त्यांनी पुढचा कागद टाइप करायला घेतला.

परत येऊन मी माझ्या कीबोर्डसोबत द्यायचं माहितीपत्रक उघडलं. पहिलीच सूचना होती : ‘बटणे हळुवार दाबावीत.’ ती खोडली.