लाडकीची कोरडी आंघोळ

मसोलीच्या आमच्या गल्लीत ज्याच्या घरी मोरी गळते तो आधी प्लंबरला फोन करतो, मग पस्तावतो आणि मग लाडकीला फोन करतो. जमनाकाकूंनी पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या.

"लाडके, बाथरूममधला शॉवरखालचा ट्रे फुटला. ये."

"किती फुटला?"

"मी उभी राहिले की तोंड उघडतो, बाहेर आले की मिटतो."

"येते," म्हणाली लाडकी. "तोवर त्याला काय खायला घालू नको."

लाडकी तलासरीकडच्या पाड्यावरची. अठरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या बांधकामांवर घमेली वाहिली. मग एकदा वापीच्या एका साइटवर मिस्त्री जेवायला गेला तो दिवस कलेपर्यंत आलाच नाही, आणि कालवलेला सिमेंटचा माल घमेल्यात सुकायला लागला. लाडकीने त्याची थापी उचलली आणि सहा टाइल लावून टाकल्या. संध्याकाळी ठेकेदाराने नेमका त्या सहांवरून हात फिरवला आणि मिस्त्रीला म्हणाला, "आज मन लावून काम केलंस." मिस्त्री गप्प बसला. "गप बसला म्हंजे माझी परीक्षा पास झाली," लाडकी सांगते. "दुसऱ्या दिवशी त्याच्याच थापीने मी बारा लावल्या." तेव्हापासून ती गवंडीण. ठेकेदार, डॉक्टर, देव, सगळ्यांना ती 'तू' म्हणते, आणि अजून कुणी तक्रार केलेली नाही.

काकूंच्या घरी आल्या आल्या तिला कळलं की प्रश्न नुसत्या फुटक्या ट्रेचा नाही. काकू चौऱ्याहत्तरच्या. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आंघोळीला सून दक्षा हात धरून आत उभी असते. दक्षा माहेरची उंबरगावची, गुजराती, म्हणून सासूला 'बा' म्हणते. बिचारी छताकडे बघत उभी राहते, काकू नळाकडे बघत बसतात, आणि दोघी मिळून कालच्या सीरियलवर बोलतात.

"आंघोळीला प्रेक्षक," काकू लाडकीच्या कानाशी म्हणाल्या. "वर्ष झालं. मला दार लावून आंघोळ करायची आहे, एवढंच."

मुलगा दिपक म्हणाला होता, "नवा ट्रे बसू दे. रविवारी आई माझ्यासमोर एकटी आत गेली, बसली, उठली, बाहेर आली, तर दार लावू दे. नाही जमलं तर दक्षा आहेच, आणि मग हा विषय परत काढायचा नाही."

दक्षाने फोनवर एक ट्रे पसंत करून ठेवला होता. पांढराशुभ्र, गोलाईदार, वीतभर काठ. "बघा ना ताई, हॉटेलसारखा दिसेल."

"हॉटेलात हिला कोण नेतो? घरात आंघोळ करायची हाय." लाडकीने मागल्या पडवीतल्या उरलेल्या टाइल आणल्या आणि घरापुढच्या ओट्यावर एक आडवी मांडली. "काकू, ओलांड."

काकूंनी ओलांडली.

दुसरी टाइल तिच्यावर. ओलांडली. तिसरी. चौथीला काकूंनी खांब धरला, पण ओलांडली. पाचवीला अंगठा आपटला.

"संपला पिक्चर," लाडकी म्हणाली. "चार." त्या चार टाइल तिने सुतळीने बांधल्या, पिशवीत टाकल्या, आणि दक्षाला घेऊन डहाणू रोडच्या दुकानात गेली.

काउंटरवरच्या मनिषने टाइल बघूनच हात वर केले. "बाई, माल परत घेत नाही आम्ही."

"परत कोण देतो? याच्याहून उंच काठ असंल तो ट्रे मला दाखवू नको."

"साइज काय? आठशे बाय आठशे, नऊशे बाय नऊशे..."

"साइज हिच्याकडे, फोनमधे. उंची माझ्याकडे."

मनिषने एकेक ट्रे काढायचा, लाडकीने शेजारी टाइलांचा गठ्ठा ठेवायचा आणि मान हलवायची. सहाव्या ट्रेनंतर मनिष घाम पुसत म्हणाला, "एक आहे, वापीच्या गोदामात. अगदी चपटा. पण तो कुणी घेत नाही. खालची जमीन खोदावी लागते ना, नळी जायला."

"आमी काय खोदायला लाजतो?"

ट्रे बुधवारी आला. लाडकीने जुना उचकटला, जमीन चार बोटं खोदली, नळी जोडली, माल पसरला, ट्रे वर दाबून बसवला. मग पदर खोचला. लाडकीचा एक नियम आहे: पाणी सोडायच्या आधी ती नव्या मोरीत स्वतः कोरडी आंघोळ करते.

काकूंचं प्लास्टिकचं स्टूल आत ठेवून ती बसली. रिकामा तांब्या डोक्यावर ओतला. टाचा घासल्या. पाठीला हात पुरेना म्हणून तोंड वाकडं केलं. मग डोळ्यांत साबण गेल्यासारखे डोळे मिटून ती चाचपडत हवेत तांब्या शोधू लागली. दक्षा दारात हसून हसून खाली बसली.

लाडकीने डोळे उघडले. ती भिंतीला टेकली होती. स्टूल हळूहळू घसरत पाणी जायच्या जाळीपाशी पोचलं होतं.

"दक्षा, तू ढकललंस?"

"मी इथे बसलेय, ताई."

लाडकीने ट्रेकडे बघितलं, मग मालाच्या कडेकडे. आणि कपाळाला हात लावला. आयुष्यात तिने उताराशिवाय मोरी केली नव्हती, म्हणून मालालाही सवयीने जाळीकडे उतार दिला होता. आणि ट्रेला स्वतःचा उतार कारखान्यातूनच होता; उतार दुप्पट झाला.

"काय झालं?" दारात काकू आल्या होत्या.

"खाली रबरी चटई घालू ना," दक्षा घाईने म्हणाली. "आणि बा, मी आहेच धरायला."

काकू नुसत्या वळल्या.

"थांब गे," लाडकी म्हणाली. "कोण कुणाला धरायचं नाय. माल ओला हाय, तोवर माझी चूक पण ओली हाय." तिने ट्रे उचलला. "भात लावायच्या आधी खाचर कसं सपाट करतो? पाणी चारी कोपऱ्यांत सारखं उभं राह्यला पाहजे. या ट्रेला खाली खाचर पाहजे होतं, वरती मोरी. मी खाली पण मोरीच केली."

पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन तिने मालाच्या चारही कोपऱ्यांची पातळी जोखली. दक्षाने दुसरं टोक धरलं. "वर. अजून. खाली. आता श्वास घेऊ नको." तासाभराने ट्रे पुन्हा बसला. लाडकी आत बसून पुन्हा कोरडी न्हाली, या वेळी केस धुवून. स्टूल जागचं हललं नाही.

"रविवारपर्यंत कोण पाय ठेवणार नाय," ती बजावून गेली. तोवर काकूंनी ओल्या पंच्याने अंग पुसून भागवलं.

रविवारी दिपक खुर्ची घेऊन बाथरूमसमोर बसला. लाडकी सकाळच्या जीपने मुद्दाम आली. काकूंनी आधी नेसल्या साडीत कोरडी आंघोळ करून दाखवली. आत गेल्या, बसल्या, रिकामा तांब्या ओतला, उठल्या, बाहेर आल्या. भिंतीला हात फक्त एकदा लागला.

"तो पडत होते म्हणून नाही लावला," काकूंनी दिपकला बजावलं. "गार लागते का बघत होते."

दिपकने लाडकीकडे बघितलं. लाडकी छताकडे बघत होती.

"बरं," तो म्हणाला. "जा."

दार लागलं. आतून कडी लागली. शॉवर सुरू झाला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. आतून काहीतरी गुणगुणल्याचा आवाज येऊ लागला. दक्षाने दारावर टकटक केली. "बा, बरं आहे ना?"

"बरं आहे."

अजून पंधरा मिनिटांनी दिपक उठला. "आई, बास आता. टाकीतलं पाणी संपेल."

आतून गुणगुणणं क्षणभर थांबलं.

"मग मोटर लाव."