चुकांची भाषा

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी थोरलीला सांगून ठेवलं, "आपल्याकडे पुरुष तोंडात चुका धरून बोलतात, मनावर घेऊ नकोस." थोरलीला वाटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, पुरुष सगळीकडे तसेच बोलतात.

पुढे दुकानात गेल्यावर उलगडा झाला. चूक म्हणजे बारीक खिळा. घर खुर्च्या-कोच मढवणाऱ्यांचं. सासरे, म्हणजे मिस्त्री, मूठभर चुका तोंडात टाकायचे. जिभेनं एकेक ओठांत आणायची, लोहचुंबकी हातोडीला ती चिकटली की ठोकायची. दुसरा हात कापड ताणण्यात अडकलेला. ओठ मिटून बोलायची सोयच नाही, आणि बोलल्याशिवाय तर दोघांना एक कोच मढवता येत नाही. म्हणून मिस्त्रींच्या खापरपणजोबांनी सरळ एक नवी भाषाच रचली. प, फ, ब, भ, म यांना तिच्यात थारा नाही, व सुद्धा हद्दपार. पाणी म्हणता येत नाही, म्हणून "तहान आण". भूक नाही, म्हणून जेवणाला नुसतं "आत". क्रियापदाचं रूप एकच, त्यामागे हातोडीचा एक ठोका पडला की काम झालं, दोन पडले की व्हायचंय. "ताण, टक" म्हणजे ताणलं. "ताण, टकटक" म्हणजे ताणायचंय. आदरार्थी बहुवचन नाही, तेवढी जागाच नाही तोंडात. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे 'मी' नाही आणि 'माझं'ही नाही. त्याऐवजी 'हात' म्हणायचं. कोच कुणी मढवला, तर हातानं. मीपणा मिरवायला तोंड रिकामं लागतं, असं मिस्त्री म्हणायचे, अर्थात तोंड रिकामं असताना.

थोरलीला मागच्या खोलीत बसून गाद्यांत काथ्या भरायचं काम होतं. पडद्याआडून कानावर पडेल ते तिनं टिपलं, आणि बघता बघता सगळी भाषा तिला अवगत झाली. तिच्याशी मात्र ती कुणी बोलायचं नाही. ती कामाच्या बाकड्यावर बसणाऱ्यांची भाषा, आणि बाकड्यावर बसायचे घरातले मुलगे. ते तर केव्हाच पांगले. थोरला छापखान्यात, धाकटा बस चालवायला. थोरलीनं एकदा धीर करून विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "घरची सून तोंडात लोखंड धरणार? लोक मला काय म्हणतील?" नवऱ्यापाशी ती चिडून बोलली, "मला खुर्चीवर बसायचं नाही हो, खुर्चीपाशी बसायचंय."

मग नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम आलं. मिस्त्रींचा डावा अंगठा दगा देऊ लागला होता. एवढं उरकलं की दुकानाला कुलूप, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. दुकान जाणार ते जाणारच, पण एवढी शिकलेली भाषा थोरली बोलणार कुणाशी? भिंतीशी?

पुढच्याच सकाळी पहिल्या रांगेतली लांब बैठक मढवताना मिस्त्रींचा अंगठा सुटला आणि ताणलेलं कापड सरकायला लागलं. थोरली काथ्या टाकून धावली. दोन्ही हात लागणार होते, म्हणून डब्यातल्या चुका तोंडात कोंबल्या आणि पलीकडचं टोक पकडलं. पकडल्यावर दिसलं, कापडाचा धागा वाकडा जातोय. सांगायला हवं होतं. पण हाक काय मारायची? मामंजी म्हणावं, तर त्यात म शिवाय आहे काय? त्या भाषेत बापाला शब्द होता, आजाला होता. सासऱ्याला नव्हता, कारण कुठली सून कधी त्या बाकड्यापाशी आलीच नव्हती. चुकांच्या फटीतून जे बाहेर पडलं ते असं:

"आंजी, तिरकं. सैल कर."

सासऱ्याला 'कर'. दारात उभ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मिस्त्रींनी डोळे वर केले, सुनेच्या ओठांतल्या चुकांकडे पाहिलं, मग धाग्याकडे पाहिलं. धागा वाकडाच होता. त्यांनी कापड सैल केलं.

"तू ताण," ते म्हणाले, आणि हातोडीचे दोन ठोके दिले.

दुकानाला कुलूप लागलं नाही. रांगांमागून रांगा मढवून झाल्या, खापरपणजोबांच्या भाषेत 'आंजी' हा शब्द जाऊन बसला, आणि नाट्यगृहाचे व्यवस्थापक पाहणीला आले. मोठे चिकित्सक गृहस्थ. कोपऱ्यांवरून बोट फिरवत, कुठे सुरकुती सापडते का बघत त्यांनी अख्खी रांग तपासली. दोघंही खाली बसून शेवटची खुर्ची ठोकत होते.

"मिस्त्री, हे कोपरे तुमच्या हातचे वाटत नाहीत," ते म्हणाले. "तुमच्याहून सरस आहेत. कुणी केले?"

'हातानं' म्हणून भागलं असतं. चार पिढ्यांचं भागलं होतं. पण मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. तोंडातल्या सगळ्या चुका तळहातावर काढल्या, बाहीला ओठ पुसले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं,

"माझ्या सुनेनं."

थोरलीनं मान वर केली नाही. पण चुका तोंडात धरून हसता येत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. त्या सगळ्या फरशीवर सांडल्या.