घोडीचे पाय आणि कोमट मठ्ठा

सोलापुरात कुठल्याही घोड्याचं काही दुखायला लागलं, तर ते खुद्द घोड्याच्या आधी आमच्या मेहुण्यांना कळतं. हे मी त्यांच्या बहिणीचा नवरा म्हणून सांगत नाही. त्या नात्याने सांगायचं झालं तर त्यांच्याविरुद्ध सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. ते जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, घोडे काही सुटले नाहीत. टांगे गेले तरी वरातीच्या घोड्या आहेतच, आणि शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दारात सकाळी दूधवाल्याच्या आधी एखादी घोडी येऊन उभी असते.

त्यांचं म्हणणं असं, की घोडा हा फार मानी प्राणी. माणूस समोर आला की तो दुखणं गिळतो आणि ऐटीत उभा राहतो. म्हणून त्याला लांबून, त्याच्या नकळत बघायचं. कान ताठ होऊन मागे वळलेत का, पापणी आवळलीय का, नाकपुडी ताणलीय का, जबडा घट्ट मिटलाय का. या लपून बघण्यापायी एकदा नवी पेठेत ते चादरींच्या थप्पीआड इतका वेळ दबा धरून बसले, की दुकानदाराने चोर समजून त्यांचं मनगटच धरलं. "अहो, सोडा की! ती समोरची घोडी मागच्या पायावर भार देत नाहीये," डॉक्टर खेकसले. शेवटी दोन चादरी विकत घेऊन सुटका झाली. त्या अजून आमच्याकडे पाहुण्यांना घालतो.

बरं, ही नजर घोड्यांपुरती असती तरी चाललं असतं. दिवाळीच्या फराळाला बसलो की चकलीपेक्षा ते माझ्या तोंडाकडे जास्त बघतात. "दाजी, जबडा आवळलाय. उजवी दाढ ना?" दाढ उजवीच असते. बायकोकडे एक नजर टाकून मला हळूच सांगतात, "हिचे कान मागं गेलेत आज. जरा लांबनं जावा." हा सल्ला मी ज्या ज्या वेळी मानला नाही, त्या त्या वेळी पस्तावलो आहे.

पण माणूस काय आहे ते मला कळलं माझ्या मुलीच्या लग्नात. मुलगी नातेपुत्याला दिली. नवरदेव कार्यालयातून घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला जाऊन परत यायचा होता. घोडी सजून उभी, बँड तयार, नवरदेवाचा एक पाय रिकिबीत, आणि आमचे मेहुणे मंडपाच्या खांबाआडून तीरासारखे सुटले. त्यांनी लगामच धरला. "नवरदेव, खाली उतरा."

घोडी पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून सगळा भार मागे घेऊन उभी होती. डॉक्टर खाली वाकले, खुरांना हात लावला, घोट्यामागची नाडी बघितली. आमच्याकडे घोडीला रिकाम्या तोंडी परत पाठवत नाहीत. लग्नसराईत दर घरी तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, वर मूठभर बुंदी. सगळ्यांनी मायेनेच घातलेलं, आणि तेच तिच्या खुरांत उतरलं होतं.

"सकाळीच सुई मारलीया सायेब," घोडीवाला काकुळतीला आला. "आता लंगडत न्हाय. माझं पोट हाय हिच्यावर."

"अरे, सुईनं दुखणं दिसायचं थांबलंय, खूर सुजायचा थांबला नाही. सुई मीपण देणार, पण देऊन एका जागी उभी ठेवणार. तू देऊन नाचवायला आणलीस! आज चालली तर जन्माची लंगडी होईल."

आमचे व्याही तापले. "आन् नवरदेव काय चालत यील? चार गावचं लोक आल्यात!" मला वाटलं, मुलीचं लग्न या घोडीपायी बिनसतंय की काय! डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पाहुणं, हात लावून बघा की." व्याही शेतकरी माणूस. कुरकुरत वाकले, खुराला हात लावला, आणि तसेच आचाऱ्याकडे बघून ओरडले, "आरं, तवा झालाय ह्यो! बरफ आना बरफ!"

मठ्ठ्यासाठी आणलेला सगळा बर्फ घमेल्यांत गेला आणि घोडीचे पाय त्या घमेल्यांत. नवरदेव बँडमागून चालतच मारुतीला जाऊन आला. अंतरपाट धरायची वेळ झाली, मुलीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, आणि मामा बाहेर गुडघे टेकून गार पाण्यात. ते हलले की घोडी बिथरायची. गुरुजी घड्याळ बघू लागले. तेव्हा माझ्या मुलीने निरोप पाठवला, "मामाला म्हणावं, तिला आराम पडू दे, मग ये. मी थांबते."

मुहूर्त टळला. घोडीने मान खाली टाकली, ओठ सैल सोडला, तेव्हा कुठे मामा आत आले. विजार गुडघ्यापर्यंत ओली, खांद्यावर गवत. चार गावच्या लोकांनी कोमट मठ्ठा प्यायला. त्या दिवशी मुलीचा वाटला तितकाच अभिमान मला त्या ओल्या विजारीचाही वाटला, आणि हा माणूस आपला मेहुणा आहे हे मी ओळख नसलेल्यांनासुद्धा बोलावून बोलावून सांगितलं.

ती घोडी आता पुन्हा वरातीत चालते. डॉक्टरांचे गुडघे मात्र थकले आहेत. कुणी विचारलं की म्हणतात, "काही नाही हो, ठणठणीत." आणि ताठ चालून दाखवतात. म्हणून मी हल्ली त्यांच्याकडे जाताना आधी समोरच्या किराणा दुकानाआड थांबतो आणि बघतो. ओट्यावर एकटेच बसलेले असतात, पापणी आवळलेली, जबडा मिटलेला, डावा पाय लांब टाकलेला. मी दिसलो की लगेच सावरून बसतात. मी पिशवीतला बर्फ काढतो, फडक्यात बांधतो आणि त्यांच्या गुडघ्यावर धरतो. परवा त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग हळूच पाय सैल सोडला.

"दाजी," ते म्हणाले, "आज कुणाचा मठ्ठा कोमट केलात?"